दोघांची खोली

"दोघांची एक खोली रिकामी हाय, पण ती देता येणार न्हाई," नागरत्ना म्हणाली. बिदरच्या त्या वृद्धाश्रमाची ती व्यवस्थापक. "जोडीतलं एक माणूस तरी दुसऱ्याला सांभाळण्याइतकं धड लागतं. आजींना काही आठवत न्हाई, आजोबांच्या हातात चहाचा कप टिकत न्हाई. आजोबा पुरुषांकडं, आजी बायकांकडं."

रेवणप्पा खुर्चीतून हलले नाहीत. मंठाळ गाव सोडायचं त्यांनीच ठरवलं होतं, बायको शांतम्मा घर विसरून दुसऱ्यांदा हमरस्त्यावर सापडली त्या दिवशी. मुलगा बसवेश नको नको म्हणत राहिला, पण म्हातारा हट्टाला पेटला की ऐकतो कुणाचं! अट एकच होती. राहू तर एका खोलीत.

"बाई, अप्पांना इष्टलिंगाच्या पूजेला अम्मा लागतीच," बसवेश अजिजीनं म्हणाला. "तळहातावर लिंग घेतलं की हात थरथरतो. अम्मा खालून आपला हात लावती. तीन वर्षं झाली."

"आमचा माणूस लावंल की."

रेवणप्पांनी बायकोकडे पाहिलं. "शांता, हितं भाकरी कशी थापतेत, बघून ये जा."

मदतनीस अंबिका तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

दार लागलं. रेवणप्पांनी टेबलावरचा पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला उचलला. पूजेत लिंग घेतात तसा डाव्या तळहातावर ठेवला आणि हात नागरत्नापुढे केला. पाणी हललंसुद्धा नाही.

बसवेश बघतच राहिला. याच हातासाठी त्यानं कलबुर्गीचे डॉक्टर पालथे घातले होते. त्याला आधी राग आला.

"अप्पा, मग हे सोंग कामून?"

"तिला माझं नाव आठवंना. घर आठवंना. हात थरथरला की मात्र धावत येती. तेवढं एक काम ध्यानात हाय तिच्या. ते बी काढून घेऊ व्हय?"

बसवेशनं डोळे पुसले.

बाहेर पावलं वाजली. पेला टेबलावर गेला, हात थरथरू लागला. शांतम्मा आत आली ती थेट नवऱ्याकडे. त्याच्या तळहाताखाली तिनं आपला हात लावला.

नागरत्नानं दोघांच्या खोलीचा अर्ज पुढे ओढला. 'सांभाळणारी व्यक्ती' या रकान्यात तिनं रेवणप्पांचं नाव लिहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आजी, अप्पांना सांभाळणारं माणूस म्हणून तुमचं नाव लिहिलंय बघा."

"लिहा की," शांतम्मा म्हणाली. "दुसरं कोण हाय ह्यांना?"