अडीचशे शब्द

"ही सगळी पाकिटं रद्दीच्या पोत्यात भर," ऑफिस सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, आणि इंटर्नशिपचं पहिलंवहिलं काम तिच्या पुढ्यात येऊन पडलं.

कपाटाखाली दोन खोकी होती. आत तिच्यासारख्याच आर्किटेक्चर शिकणाऱ्या पोरापोरींचे अर्ज. गेल्या वर्षीचे, यंदाचे, सगळे एकत्र कोंबलेले. तिला वाईट वाटलं आणि, खरं सांगायचं तर, जरा बरंही वाटलं. एवढ्या सगळ्यांतून साहेबांनी तिला उचललं होतं. सतरा ऑफिसांनी साधं 'नाही' म्हणायचे कष्टही घेतले नव्हते. यंदा इंटर्नशिप मिळाली नसती तर वर्ष वायाच जाणार होतं. इथून मात्र थेट निरोप आला, सोमवारपासून या. ना मुलाखत, ना परीक्षा. 'स्वतःबद्दल अडीचशे शब्दांत लिहा' असं यांनी मागितलं होतं, आणि तिनं ते अडीचशे शब्द अकरा वेळा लिहून काढले होते. आता सगळ्या मैत्रिणींना ती ऐकवत होती, "नुसत्या पत्रावर घेतलं मला."

निरोप आला तेव्हा बाबा पडूनच होते. आदल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून दात दाखवायला गेले होते, ते आल्यापासून ना जेवले, ना धड बोलले. निरोप ऐकून मात्र उठून बसले. "मी म्हटलं नव्हतं? पत्रच तसं होतं तुझं."

दुसऱ्या खोक्याच्या तळाशी तिचं पाकीट निघालं.

ते लाखात ओळखू आलं असतं. बाबा बाइंडर. फाटकी पुस्तकं आणि जाडजूड रजिस्टरं बांधण्यात त्यांचा जन्म गेला. तिच्या अर्जासाठी त्यांनी तपकिरी कागदाचं पाकीट घरीच बनवलं होतं आणि झाकणाच्या घडीत लाल दोरा बसवला होता. "मोठी माणसं घाईत असतात," ते म्हणाले होते, "टोक ओढलं की पाकीट उघडलं पाहिजे. तुझी चित्रं फाटायला नकोत."

दोरा जागच्या जागी होता. टोकाची गाठसुद्धा.

"बाई, हे माझं आहे," ती म्हणाली. "हे कुणी उघडलंच नाही."

"इथं पाकिटं उघडायला वेळ कुणाला आहे?" बाईंनी मानही वर केली नाही. "तुझ्यासाठी कॉन्ट्रॅक्टरसाहेबांचा फोन आला होता. तुझे सख्खे काका ना ते? त्यांना नाही कोण म्हणणार?"

काका. नऊ वर्षं घरच्यांच्या लेखी बाबांचा हा भाऊ असून नसल्यासारखा होता. आजी गेली तेव्हा भरल्या घरात त्यांनी बाबांना सुनावलं होतं, "आज ऐट दाखवतोयस. एक दिवस दाताच्या कण्या करत येशील माझ्या दारात." बाबा म्हणाले, "मेलो तरी येणार नाही. हा माझा शब्द." तेव्हापासून बाबा त्या गल्लीतूनसुद्धा जात नाहीत. कामावर जायला लांबचा वळसा घालतात. आईचं मात्र अधूनमधून टुमणं असतं, "पोरीसाठी तरी बोला त्यांच्याशी." बाबा नुसते उठून बाहेर जातात.

म्हणजे हे आईचं काम. तिचे कान तापले. अकरा वेळा लिहिलेलं ते पत्र, त्यावर मारलेल्या त्या फुशारक्या, सगळ्याची तिला लाज वाटली. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. नऊ वर्षं जपलेला मान आपल्याच बायकोनं त्या उंबऱ्यावर नेऊन ठेवला, हे बाबांना कळलं तर ते खचतील. पाकीट तिनं पिशवीत लपवलं. संध्याकाळी घराच्या जिन्यात थांबून दोरा ओढला. सर्रकन निघाला. बाबांचं काम चोखच.

बाबा जमिनीवर बसून एका जुन्या पुस्तकाला टाके घालत होते.

"काय आर्किटेक्टबाई, काय म्हणालं ऑफिस?"

"साहेबांनी हे परत दिलं, बाबा. म्हणाले, जपून ठेव. असं पत्र कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं." इतकं सफाईनं खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती.

बाबांनी पाकीट हातात घेतलं. उघडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"दोरा नीट निघाला ना?"

"एका ओढीत."

"मग झालं तर," ते म्हणाले, आणि खाली मान घालून पुन्हा टाके घालू लागले.

ती स्वयंपाकघरात गेली. दार लोटून घेतलं. आई कांदा चिरत होती.

"काकांकडे तू गेलीस ना?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "बाबांचा शब्द मोडलास तू. त्यांना कळलं तर काय होईल, याचा विचार केलास?"

आईचा हात थांबला. तिनं आधी दाराकडे बघितलं, मग लेकीकडे.

"मी नाही गेले," आई म्हणाली. "त्या दिवशी ते दात दाखवायला नव्हते गेले गं. दाताच्या कण्या करायला गेले होते."