रेंज

पंचवटीतल्या लखन डीजेला डावलून पेठकडच्या पाड्यावर हळदीला नवख्या निकिताला बोलावलं, तेव्हापासून त्याचा जळफळाट चालला होता. तिच्याकडं काय, तर टॅबला जोडलेला नवशिक्यांचा डीजे कंट्रोलर, आणि गाणी सगळी नेटवरून. त्या पाड्यावर रेंज टिकत नाही हे त्यानं मुद्दाम सांगितलं नाही, उलट मजा बघायला गेला.

दुसऱ्याच गाण्याला टॅब मुका झाला. लखन गालात हसला. निकितानं कंट्रोलरमध्येच भरलेला नुसता ठेका चालू ठेवला आणि माईक म्हाताऱ्या साळूबाईंपुढं धरला. त्यांनी हळदीचं गाणं उचललं, तसा सगळा मांडव नाचला.

आठवड्यानं त्याच पाड्यावरचा रावजी लखनकडं आला.

"आमच्याकडं बी हळद हाय, लखनभाऊ. ते मधीच गाणी बंद पडणारं मशीन तुमच्याकडं हाय का?"