मॅडमची परवानगी

"रुग्णांचे रिपोर्ट कोणालाही उघडता येतात, आणि आपल्या तपासणीत हे पकडलं कसं नाही?" मी माझ्या टीममधल्या निरंजनला विचारलं.

त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. नवा सर्व्हर उभारताना जी तयार फाईल उचलतात, त्या टेम्पलेटमध्ये तपासणीचा सुरक्षेचा नियमच बंद केलेला. नियम बंद करताना कारण लिहिणं सक्तीचं, म्हणून शेजारी लिहिलं होतं: 'सुळाखे मॅडमची परवानगी आहे.'

सुळाखे मीच. दोन दिवसांच्या डेमोसाठी, खोट्या रिपोर्टांवर, एकदाच हो म्हटलं होतं. ते टेम्पलेट मग सगळ्यांनी उचललं, माझ्या नावासकट, एक्केचाळीस ठिकाणी.

"तुमचं नाव असलं की कोणी विचारत नाही, मॅडम."

उष्ट्या चमच्यासारखं माझं नाव हातोहात फिरलं होतं. मला शिसारी आली. एकेक फाईल उघडून मी ती ओळ पुसली आणि नियम चालू केला.

संध्याकाळी एका फाईलमध्ये नियम पुन्हा बंद होता. कारण: 'मॅडमना माहीत आहे.'