सहा रविवारांचा धडा

"उत्तर बारा आलं," बाबा म्हणाले. "पुस्तकात किती आहे?"

"साठ."

"हात्तिच्या! म्हणजे चुकलं की कुठेतरी."

कुठे चुकलं ते तिला केव्हाच दिसलं होतं. बहिर्गोल भिंग, नाभीय अंतर वीस सेंटीमीटर, वस्तू तीस सेंटीमीटरवर. वस्तूचं अंतर उणे धरायचं असतं आणि बाबांनी तीसच्या आधी उणे चिन्ह घातलंच नव्हतं. ती पेन्सिलीचं टोक चावत बसली.

"आता वेळ नाही उरला," बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले. "पुढच्या रविवारी बघू."

बारा वाजायला चार मिनिटं होती. अकरा वाजल्यापासून ते दर थोड्या वेळाने घड्याळाकडे बघत होते, आणि दर वेळी तिला वाईट वाटत होतं.

बाबा वेगळे राहायला गेले त्याला वर्ष झालं होतं. फोनवर "जेवलीस का" आणि "अभ्यास काय म्हणतोय" एवढं झालं की दोघांकडचंही बोलणं संपून जाई. मग सहामाहीत तिला फिजिक्समध्ये एकोणीस मार्क पडले. शिकवणीच्या वर्गात जागा नव्हती. शेवटी आईने त्यांना फोन लावला. "रविवारी दहा ते बारा या. वार्षिक परीक्षेचा पेपर होईपर्यंत," ती म्हणाली आणि फोन ठेवला. नळ दुरुस्त करणाऱ्याशीही आई याहून जरा जास्त बोलायची.

विजेचा धडा दोन रविवारांत उरकला, उष्णतेचा एकाच. भिंगांपाशी मात्र गाडी अडली. एकदा उणे राहिलं, एकदा शेवटचा अपूर्णांक उलटा करायचा राहिला, एकदा तर बाबांनी बहिर्गोल भिंग अंतर्गोल समजून सोडवलं. दर रविवारी आल्या आल्या ते कपाळावर हात मारून घेत.

"अगं, मागच्या वेळी माझंच चुकलं होतं. चल, पहिल्यापासून करू."

आणि पहिल्यापासून करताना नवी चूक करत.

बाबांचं फिजिक्स कच्चं आहे, हे तिने मनाशी ठरवून टाकलं. चष्म्याच्या दुकानात काम असलं म्हणून काय झालं? फ्रेमचे स्क्रू पिळायला कुठे सूत्रं लागतात? तिला त्यांची दया यायची. पण चूक दाखवावी असं कधी वाटलं नाही. दाखवली असती तर धडा संपला असता, आणि हा पुस्तकातला शेवटचाच धडा होता. त्यामुळे तीही वेड पांघरून बसायची. सातवीतल्या पोराला कळेल अशी गोष्ट तीनतीनदा विचारायची.

"हे नाही कळलं. पुन्हा सांगा ना, बाबा."

बाबा न कंटाळता पुन्हा सांगत.

"एका धड्याला सहा रविवार!" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "एवढ्यात लोकांची घरं बांधून होतात."

पेपरच्या आधीच्या रविवारी बाबांनी उदाहरण एका दमात सोडवलं. उत्तर साठ आलं. त्यांनी त्याखाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली.

"पेपर झाल्यावर?" तिने विचारलं. विचारायला तिने आठवडाभर धीर गोळा केला होता.

बाबा बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग हसून म्हणाले, "पेपर झाल्यावर काय? तू सुटलीस. आणि मीही सुटलो."

ते बुटांच्या नाड्या बांधत असताना ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मागे वळून बघितलंच नाही.

तिचा एक बेत होता. सगळी उदाहरणं कोरी सोडायची. नापास झालं की तीन महिन्यांनी फेरपरीक्षा. म्हणजे आणखी तेरा रविवार. कॅलेंडरवर बोट ठेवून तिने ते मोजले होते. पण "मीही सुटलो" म्हणणाऱ्या माणसाला आणखी तेरा रविवार कशाला अडकवून ठेवायचं?

पेपरात भिंगाचं उदाहरण आलं. तिने उणे चिन्ह घातलं, अपूर्णांक उलटा केला, एकक लिहिलं. एकही उदाहरण सोडलं नाही. बाहेर आल्यावर सायकल लावायच्या जागी उभी राहून ती पोटभर रडली. मैत्रिणींना वाटलं, पेपर अवघड गेला.

बाबांचं सूत्रांचं छोटं पुस्तक घरी राहून गेलं होतं. ते द्यायला दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच त्यांच्या दुकानात गेली. गल्ल्यावर एक ठसठशीत बाई बसल्या होत्या. आतल्या बंद दारामागून यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"तू त्यांची लेक ना? नाकावरूनच कळलं," बाई म्हणाल्या. "कसा गेला पेपर?"

"सगळं बरोबर आलंय."

"येणारच! बस जरा. भिंग घासायला घेतलंय त्यांनी. मधेच उठले तर वाया जाईल."

"बाबा भिंगं घासतात?"

"मग काय फ्रेमा पुसतात? इथे नवीन कोणी कामाला आलं की भिंगांचं सगळं गणित त्याला तेच शिकवतात. तोंडपाठ आहे त्यांना." बाईंनी तिच्यापुढे स्टूल सरकवलं. "पण तुझ्या त्या धड्याने मात्र घाम काढला हं त्यांचा. दर शनिवारी जेवण झालं की इथेच वही उघडून बसायचे. उदाहरण सोडवायला लागायची दोन मिनिटं. उरलेला तासभर, तुझ्या लक्षात येणार नाही अशी चूक त्यात कुठे घालायची, हे शोधण्यात जायचा."