पैलवाडीचा दगड

सुचित्राने मजकूर शेवटपर्यंत वाचला आणि वर पाहिलं. "ठीक आहे ना? उद्या पाथरवटाकडे द्यायचाय."

काळाचौकीच्या चाळीत पैलवाडीकरांची एक खोली होती. तिथे आज सगळे दाटीवाटीने बसले होते. गावच्या नदीवर आता पूल झाला होता. पूर्वी होडी लागायची त्या जागी एक दगड उभा करायचा होता, गाव कसं वसलं ते सांगणारा.

"साऊआईची ओळ परत वाच," हितेंद्र म्हणाला. साऊ त्याच्या घराण्याची मूळ बाई. पालखीचा पहिला मान त्यांना होता तो तिच्यामुळे.

सुचित्राने वाचलं, "'पूर चढत होता. होडीत जागा उरली नाही. तेव्हा साऊने आपलं तान्हं मूल होडीत दिलं आणि ती स्वतः काठावर राहिली. बाकीचे पैलतीरी उतरले. त्यांनी हे गाव वसवलं.'"

"ती काठार रवली नाय," कोपऱ्यातून शामराव म्हणाले.

जमलेल्यांत तेच सगळ्यात म्हातारे. त्या नदीवर पिढ्यानपिढ्या होडी चालवली ती त्यांच्या घराने. सगळे त्यांच्याकडे वळले.

"माका आजयेन सांगल्यान. पोर दिल्यान, मगे ती चढाक लागली. होडी कलंडाक लागली. तिना होडयेची कड सोडूक नाय. तेवा आमच्या पूर्वजान वल्हा तिच्या बोटांर मारल्यान."

वर पंखा करकरत होता.

"काका, हे आज कशाला?" हितेंद्रचा आवाज चढला. "इतकी वर्षं गप्प होतात, तसेच राहायचं ना. माझ्या मुलीचं नाव साऊ ठेवलंय मी. तिला काय सांगू?"

"तोंडान सांगलेला माणूस इसारता. दगडार कोरलेला रवता. खोटा कसा कोरूचा?"

"पण हे खरं कशावरून? म्हाताऱ्या बायका काय, काहीही सांगतात."

"खरं आहे ते," कमळाबाई म्हणाल्या.

त्या हितेंद्रची आई, दाराशी बसल्या होत्या. सभेत त्या कधी बोलत नसत.

"जत्रेत साऊआईची ओटी आपल्या घरच्या बायका भरतात. ओटीत तेल-हळदीत भिजवलेली चिंधी असते. कशाला ती, कधी विचारलंस?"

"रीत आहे."

"लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, बोटं दुखत असतील गं तिची."

हितेंद्रने सुचित्राच्या हातातून कागद घेतला आणि 'स्वतः काठावर राहिली' यावर रेघ मारली. कागद तिला परत दिला.

"इथे काय घालू?" तिने हळूच विचारलं.

"तिला होडीत घेतलं नाही," तो म्हणाला. "एवढंच."

शामराव भिंतीला धरून उठले. दारापर्यंत आले. वयाने मोठे, तरी कमळाबाईंच्या पायांशी वाकले.

कमळाबाईंनी पाय मागे घेतले.

"माझ्या नको," त्या म्हणाल्या.