गुडघ्यापाशी जागा

रिक्षा दारात येऊन थांबली, तरी सुपारी म्हाताऱ्या अण्णांच्या पायांशी अंग चोरून बसली होती.

कुणीतरी झोडपलेलं हे कुत्र्याचं पिल्लू त्यांच्या सुनेने चांगलं घर मिळेपर्यंत सांभाळायला आणलं, तेव्हा अण्णांच्या हातातली काठी पाहूनच ते थरथरत पलंगाखाली शिरलं होतं. त्याच दिवशी अण्णांनी काठी माळ्यावर टाकायला लावली आणि भिंती धरून चालायला लागले. हळूहळू सुपारी बाहेर आली, त्यांच्या गुडघ्याला अंग घासत घरभर हिंडू लागली. गेल्या आठवड्यात मात्र अण्णा मोरीत पडले. आता काठीवाचून त्यांचं भागणार नव्हतं, आणि काठीच्या घरात सुपारीचं.

"चल गं बाळा," नव्या घरच्या बाईंनी पट्टा हलकेच ओढला. सुपारीने अण्णांच्या लेंग्याचं टोक दातांत घट्ट धरलं.

"सूनबाई, काठी आण माझी."

"अण्णा, नका हो असं करू."

"आण म्हणतो ना!"

अण्णांनी काठी फरशीवर दाणकन आपटली. सुपारीने लेंगा सोडला, त्यांच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि शेपूट पायांत घालून थेट त्या बाईंच्या कुशीत शिरली.

रिक्षा दिसेनाशी झाली. "चला आत," सून डोळे पुसत म्हणाली. अण्णांनी काठी दाराला टेकवून ठेवली, भिंत धरली आणि गुडघ्यापाशी सुपारीपुरती जागा सोडत चालू लागले.