थंड पाण्यासाठी

पाणबुड्यांच्या सामानाच्या दुकानात बाबांनी पिशवीतून पाण्याखाली श्वास घ्यायचा आपला जुना रेग्युलेटर काढला आणि फडक्यासकट काउंटरवर अलगद ठेवला. पितळ घासून लख्ख केलं होतं. रबरी नळ्यांना मात्र बारीक भेगा पडल्या होत्या.

"हाच तयार करून द्या हिला," ते दुकानदाराला म्हणाले. "नळ्या तेवढ्या बदला. बाकी वस्तू सोन्यासारखी आहे."

लेक शेजारी उभी होती. पुढच्या महिन्यात ती एका गोठलेल्या सरोवरात, बर्फाला भोक पाडून, खाली उतरणार होती. तळाशी मोजमापाची यंत्रं बसवायचं काम तिच्याकडे आलं होतं. आपल्याला नवा रेग्युलेटर लागेल, हे बाबांना सांगायचं ती कितीदा ठरवून आली होती. पण ते फडकं घेऊन पितळ घासत बसलेले दिसले, की तिची जीभच रेटत नसे.

दुकानदारानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. रेग्युलेटर उलटासुलटा करून पाहिला.

"वस्तू झकास आहे, काका. पण बर्फाखाली नको. याच्या स्प्रिंगपर्यंत पाणी शिरतं. सिलिंडरमधून सुटताना हवा एकदम गारठते, तिच्यामुळे ते पाणी गोठतं. मग झडप मिटतच नाही. हवा भसाभसा सुटत राहते आणि बघता बघता सिलिंडर रिकामा."

त्यानं कपाटातून दुसरा काढला. "याची स्प्रिंग बंद कप्प्यात आहे, पाण्याचा संबंधच नाही. तोंडाकडचा भागही धातूचा, म्हणजे पाण्यात असेल नसेल ती ऊब ओढून घेतो. जबडा जरा दुखेल, इतकंच."

बाबांनी त्या नव्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "धरणाच्या दारांशी भर हिवाळ्यात उतरायचो मी, हाच लावून. जाळीत अडकलेली लाकडं काढायला. याचं कधी काही बिघडलं नाही."

आई मागच्या बाकावर बसून पाणबुड्यांचे जाड हातमोजे घालून पाहत होती. तिनं मान वर केली नाही.

"एकदा बिघडलं होतं," ती म्हणाली.

"ते होय? ते किरकोळ."

"किरकोळ म्हणे."

लेकीनं आईकडे वळून पाहिलं. दोघंही धरणावर पाणबुडे होते, तिथेच त्यांचं जमलं, एवढं तिला लहानपणापासून ठाऊक होतं. त्यापुढचं कधी विचारलं, तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत.

"हाच रेग्युलेटर गोठला होता," आई म्हणाली. "पार खाली, दारापाशी. मला नुसते बुडबुडे दिसत होते, पांढरेफटक. माणूस कुठे आहे तेच कळेना. चाचपडत पट्टा धरला आणि माझा माउथपीस काढून याच्या तोंडात कोंबला."

"मग तू?"

"मी काय, श्वास धरून थांबले. दोन श्वास यानं घ्यायचे, दोन मी. असं करत वर आलो. तेव्हा आमचं भांडण चालू होतं. दोर कुणी गुंडाळायचा, यावरून. आम्ही बोलतसुद्धा नव्हतो."

"पाण्याखाली तरी कुठे बोललो?" बाबा म्हणाले.

दुकानदार हसला. आईलाही हसू आलं, पण ते तिनं हातमोज्यात लपवलं.

"गरम होता तो," बाबा म्हणाले. आता ते कुणाशीच बोलत नव्हते. "माउथपीस. हिच्या तोंडातून आलेला. हातपाय बधिर झाले होते माझे, आणि तेवढाच गरम."

लेकीनं काउंटरवरचा जुना रेग्युलेटर उचलला. वाटला होता त्यापेक्षा जड निघाला.

"बाबा, पण मग दगा यानंच दिला ना तुम्हाला? आणि तुम्ही इतकी वर्षं यालाच घासूनपुसून ठेवलंत?"

बाबांनी तो तिच्या हातातून घेतला आणि फडक्याच्या टोकानं तिच्या बोटांचे ठसे पुसले.

"जपायचा तर हिचा जपला असता, पण तो ऑफिसचा होता. काम सोडल्यावर त्यांनी परत मागून घेतला," ते म्हणाले. "हा माझा स्वतःचा होता. हाच राहिला."

आईनं पटकन मान वर केली. हे तिलाही नवीन होतं.

मग बाबांनीच नवा रेग्युलेटर जवळ ओढला. झडप दाबून पाहिली, जोड चाचपले, माउथपीस दोन बोटांत धरून तोलून बघितला.

"हा द्या," ते दुकानदाराला म्हणाले. "आणि एकावर भागवू नका. सिलिंडरला दोन वेगवेगळे बसवा. एक गोठला तर दुसरा हाताशी हवा." मग लेकीकडे वळून म्हणाले, "तुझ्याबरोबर खाली कोण असणार आहे?"

"आहे एक जण. चांगला आहे."

"भांडता का?"

"रोज."

"मग ठीक आहे."

दुकानदारानं दुसऱ्या रेग्युलेटरला पिवळाधमक माउथपीस जोडला. "हा जोडीदारासाठी. एकमेकांच्या तोंडातला काढून द्यायची आता गरज पडत नाही. नळी लांब देऊ का? दोघांना सुटं सुटं पोहता येतं, अडचण होत नाही."

"लांबच द्या," आई म्हणाली. ती उठून काउंटरपाशी आली होती. तिनं तो पिवळा माउथपीस हातात घेऊन निरखून पाहिला. "आमच्या वेळी ही सोय नव्हती."

बाबा जुना रेग्युलेटर फडक्यात गुंडाळत होते.

"बरंच झालं," ते म्हणाले.